दाराबाहेरचा हिरवा दिवा

मी एक जुना दिवा आहे. माझं खरं वय सांगितलं तर हसाल, मित्रांनो, कारण मला घडवून अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. पण मला बनवणारी कंपनी माझ्याआधीच गाशा गुंडाळून गेली, तेव्हा मला जुना म्हणायला हरकत नसावी. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका दाराबाहेर मी टांगलेला आहे. उजेड देणं हे माझं काम नाही. आतल्या घरात वीज किती जळते, हे चारचौघांना सांगणं हे माझं काम. इतर घरांपेक्षा कमी जळत असेल तर मी हिरवा, जास्त जळत असेल तर लाल.

माझा जन्म एचएसआर लेआउटमधल्या एका ऑफिसात झाला. अजिंक्य नावाचा पुण्याचा हुशार मुलगा माझा जन्मदाता. माणसांच्या सवयी कशा बदलतात, यावरची जाडजूड पुस्तकं त्याने पचवली होती. "बिल कमी येईल म्हणून कोणी गीझर बंद करत नाही," तो म्हणायचा. "पण शेजारी आपल्यापेक्षा बेटर आहे हे दिसलं ना, की माणूस पळत जाऊन स्विच ऑफ करतो!" त्याच्या शेजारी बसणारी प्रणिता एकदा म्हणाली, "अरे, मग दिवा घराच्या आत लाव ना. बाहेर तमाशा कशाला? आणि कोणाकडे पेशंट असला, दिवसभर मशीन चालवावं लागत असलं, तर?" अजिंक्यने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "अगं, असं घर शंभरात एखादं. पुढच्या व्हर्जनला बघू."

ते पुढचं व्हर्जन कधी आलंच नाही.

आम्हा दिव्यांची पेटी या इमारतीत आली आणि दारोदार आम्हाला खिळे ठोकून बसवलं. सुरुवातीला आमचे काय लाड झाले! आयुधपूजेला गाड्यांबरोबर मलाही हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. जिन्यातले दिवे वेळेवर विझू लागले, गीझर तासन्‌तास तापेनासे झाले, रिकाम्या खोलीतले पंखे थांबले. अजिंक्यचं म्हणणं खरं ठरलं, हे मी मान्य करतो. रहिवासी संघटनेचे अध्यक्ष भगवंतराव रोज संध्याकाळी फेरफटका मारताना दारोदारचे रंग बघत जायचे. लाल दिवा दिसला की च्‌ च्‌ करायचे. वीज त्यांच्याच घरची जळत असल्यासारखे!

माझ्या दारामागे येसाजी आणि सगुणाबाई हे म्हातारं जोडपं राहायचं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. येसाजी तरुणपणी जुन्या पेठेतल्या गरडीत, म्हणजे इकडच्या तालमीत, वस्ताद होते. रस्त्यात पोरं वाकून पाया पडायची, असा त्यांचा दरारा. त्याच वस्तादांची छाती आता साथ देत नव्हती. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालवावं लागे, आणि ते मशीन भरपूर वीज खाई. म्हणून मी कायमचा लाल.

खरं कारण एका वाक्यात सांगता आलं असतं. पण येसाजींनी बायकोला बजावून ठेवलं होतं, "गरडीच्या वस्तादाला श्वास घ्यायला मशीन लागतं, हे कुणाला कळता कामा नये." घरचं दुखणं दारात मांडायचं नाही, अशी त्यांच्या घराण्याची जुनी रीत. आणि मी मात्र त्याच दारात बोंब मारत उभा!

एके दिवशी सगुणाबाई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडल्या. त्यांच्या मागून भगवंतरावांचा आवाज आला, "अक्का, दोन माणसांच्या घरात एसी किती चालवता? स्वल्प आमच्या इमारतीच्या नावाचाही विचार करा." लिफ्टमधली माणसं हसली. सगुणाबाई दार उघडून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं.

आतून येसाजींनी विचारलं, "कोण काय म्हणालं?" सगुणाबाईंनी सगळं सांगितलं.

"मग संध्याकाळचं तेवढं बंद ठेवू की," येसाजी म्हणाले. "लोक हिंडतात त्या वेळचं."

"खबरदार त्या बटणाला हात लावलात तर!" सगुणाबाई ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गॅलरीतले कपडे काढायला गेल्या. मला दारामागचं दिसत नाही, पण घरातली वीज कळते. मशीन बंद झालेलं मला कळलं. मी लाल होतो तो हिरवा झालो.

कपडे ठेवून त्या दाराशी आल्या, तेवढ्यात समोरच्या जमनाबाई बाहेर पडल्या. "अगबाई, सगुणाक्का! आज हिरवा! काय जादू केलीत?"

सगुणाबाईंनी वर पाहिलं. मशीनचा आवाज सारखा कानावर असायचा, तो थांबल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. "मीच एकेक पंखा बंद करत फिरते हो सकाळपासून," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी तो कधी विसरणार नाही. कित्येक दिवसांनी त्या शेजारणीशी ताठ मानेने बोलत होत्या. गीझर झाला, मिक्सर झाला, जमनाबाईंच्या सुनेचं इस्त्रीचं वेड झालं. दोघी हसत होत्या. आत येसाजी श्वासासाठी धडपडत होते. मला बोलता येत नाही, मित्रांनो. मला फक्त दोन रंग येतात, आणि त्या वेळी कंपनीने मला हिरवा नेमला होता.

दवाखान्याची गाडी आली. दाराला कुलूप लागलं. रिकाम्या घरात वीज कुठली जळायची? मी हिरवाच राहिलो, इमारतीत सगळ्यांत हिरवा. येसाजी गेल्याचं जमनाबाईंना फोनवर कळलं. कर्नाटक राज्योत्सवाचा इमारतीतला कार्यक्रम जवळ आला होता. "आकडे कंपनीकडून आलेत, मी काय करणार?" असं म्हणत भगवंतरावांनी वीज वाचवणाऱ्या आदर्श घराचं नाव माइकवर वाचलं. ते आमचं होतं. खाली टाळ्या वाजल्या. बक्षीस घ्यायला कोणी आलं नाही, म्हणून प्रशस्तिपत्रक वर आणून कुलपाच्या वर चिकटवलं.

दिवसकार्य उरकून सगुणाबाई परतल्या, तेव्हा त्यांच्या हातात येसाजींच्या चपलांची पिशवी होती. त्यांनी तो कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"झालं तुझ्या मनासारखं?" त्या म्हणाल्या. "आता राहा हिरवा."

कागद त्यांनी फाडला नाही. नुसतं दार लावून घेतलं.

मित्रांनो, वीज जपून वापरा. मी त्याचसाठी जन्मलो, दुसरं कसं सांगू? पण कोणाच्या दारात लाल दिवा दिसला तर आधी बेल वाजवा. आत जाऊन बसा, घोटभर कॉफी घ्या, घरात कोण आहे, बरं आहे ना, ते विचारा. मी लाल होतो तेव्हा या दारासमोर किती जण थांबले, हसले, च्‌ च्‌ करून गेले. बेल कोणी वाजवली नाही.

सगुणाबाई आता एकट्या राहतात. संध्याकाळी खोलीत दिवासुद्धा लावत नाहीत. येणारेजाणारे माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांना सांगतात, "बघा, या आजींकडून शिका."