काकूंना न पटलेला आकडा

पोल्ट्रीच्या शेडमध्ये पंखे, पाण्याचं धुकं उडवणारे फॉगर आणि धोक्याचे भोंगे बसवणं हा माझा धंदा. गोंदियात दुकान आहे, पण मी तिथे क्वचितच सापडतो. मशीन बसवल्यावरही शंका काढत बसणारं गिऱ्हाईक दिसलं की माझं डोकं फिरतं, आणि मग मी वाट्टेल ते बोलतो. रुक्माकाकूंनाही बोललो. त्याची लाज अजून गेलेली नाही.

रुक्माकाकू आणि तुलसीरामकाका पटले यांचं सौंदडजवळ तीन हजार पक्ष्यांचं शेड आहे. दोघांचं म्हणायचं, पण पक्षी कळतात ते काकूंना. शेडच्या दारात पाय ठेवला की नुसत्या आवाजावरून त्या सांगतात, आज पाणी कमी प्यायलेत. काका भला माणूस, धानाच्या बांधीत त्यांना तोड नाही. पण कोंबडी झोपली आहे की आजारी पडली आहे, हे त्यांना शेजाऱ्याला विचारावं लागतं. त्यामुळे सहा वर्षांत काकू एकाही उन्हाळ्यात घराबाहेर पडल्या नव्हत्या. लेक रविताचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही देवरीला सासरीच झालं, कारण शेडच्या कामातून काकूंना तिच्याकडे बघायला सवड नव्हती. काकू जाऊ शकल्या नाहीत. "आई, तू कोंबड्याच पोस," असं रविता तेव्हा म्हणाली होती, आणि ते काकूंच्या काळजात रुतून बसलं होतं. आता दुसऱ्या खेपेची तारीख ऐन मेमध्ये आली, म्हणून काकूंनी मला बोलावलं. मी पंखे, फॉगर आणि ते आपोआप चालवणारा कंट्रोलर बसवला.

"टिकेश, मी नसल्यावर हा डब्बा पाहील ना जी सारं?"

"डब्बा नका म्हणू, काकू. तीस डिग्रीला पंखे, चौतीसला फॉगर, अडतीसला भोंगा. तुमच्या फोनवर आकडा दिसेल. आरामात नातवंड खेळवा."

"अना तो झोपला त?"

"मशीन झोपत नसते!" मी खेकसलोच. काकांनाही तंबी दिली, "तुम्ही कशालाच हात लावायचा नाही."

आता माझी करणी सांगतो. गरमी मोजणारा सेन्सर शेडच्या मधोमध, पक्ष्यांच्या उंचीवर टांगायचा असतो. माझी वायर चार हात कमी पडली. दुकानातून आणायची तर दिवस मोडला असता, आणि पोटात कावळे ओरडत होते. मी सेन्सर बाजूच्या जाळीलाच बांधला आणि जेवायला बसलो. काकूंनी आग्रह केला, भात दोनदा घेतला.

मे महिन्यात रविताला कळा सुरू झाल्या आणि काकू सकाळच्या बसने देवरीला गेल्या. त्या दिवशी मी सडक अर्जुनीला एका गोठ्यात काम करत होतो. दुपारी दोनला फोन वाजला.

"टिकेश, फोनवर एकोणतीस दाखवून राहिला."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगला कायचा? मे महिन्यात दोन वाजता माह्या शेडमंधी एकोणतीस? असा आकडा दिवाळीनंतरच शोभते. मले पटत नाही."

"काकू, पंखे कशाला बसवले मग? तुम्हाला सुखच सोसत नाही. लेकीजवळ बसा!"

पलीकडे कंडक्टर ओरडत होता. काकू म्हणाल्या, "मी बस स्टँडवर आहो. साकोलीची बस उभी आहे, सौंदडवरून जाते. रविताले आत नेलं. तू सांग, चढू का नको चढू?"

मी हातातली पक्कड खाली ठेवली. "दोन मिनिटं," म्हणून मी काकांना फोन लावला.

"काका, पंखे चालू आहेत?"

"नाही जी. बंदच आहेत सकारपासून."

"काऊन?"

"गरज नसंल. मशीनले समजते ना. तुमीच म्हनले, हात नका लावू."

"अन् बारदाने?"

"ओले केले ना! तुमची काकू सांगून गेली. दर घंट्याले पानी मारून राहिलो."

आमच्याकडे उन्हाळ्यात शेडच्या जाळीला बारदाने बांधून भिजवतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी सेन्सर त्याच जाळीला बांधला होता. तो बिचारा ओल्या बारदान्याला चिकटून गारव्यात बसला होता, आणि तीन हजार पक्षी पंख्याविना उकडत होते.

"काका, पळा! डब्ब्यावरची लाल बटणं दोन्ही दाबा!"

"हात लावू?"

"लावा हो लावा! चूक माझी आहे!"

पंख्यांची घरघर फोनवर ऐकू आली, मग फॉगरची सरसर. काका म्हणाले, "पक्षी चोची वासून पडले आहेत जी. काही उठत नाहीत." त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

काकूंना फोन लावला. खोटं बोलावंसं वाटलं, पण धजलो नाही.

"काकू, तुमचं खरं होतं. सेन्सर मी चुकीच्या जागी बांधला. काही पक्षी गेलेत. पंखे आता चालू आहेत. मी वीस मिनिटांत शेडवर पोचतो आणि तुम्ही परत येईपर्यंत तिथून हलत नाही. तुम्ही बसमध्ये चढू नका."

पलीकडे कंडक्टरने दार आपटलं. घंटी वाजली, इंजिनाचा आवाज मोठा झाला आणि लांब गेला.

"गेली बस," काकू म्हणाल्या. "मी दवाखान्यात जातो."

एकेचाळीस पक्षी गेले. बाकीचे वाचले. मी सेन्सर मधोमध टांगला, पक्ष्यांच्या उंचीवर, आणि शेडच्या दारात खाट टाकली. संध्याकाळी रविताला मुलगी झाली.

काकू बारसं उरकूनच येणार होत्या. त्यांचा एकदाही फोन आला नाही. मीच रोज दुपारी दोनला लावायचो. पहिल्या दिवशी म्हणालो, "काकू, तेहतीस. पंखे चालू आहेत."

"हा पटते," त्या म्हणाल्या. "ठेव फोन. पोरगी माह्या मांडीवर झोपली आहे."