पंचावन्नच्या वर नाही

माझा नवरा सुतार आणि माझा दादाही सुतार. फरक एवढाच, की दादाचा कारखाना आहे आणि आमचं काम जिन्याखालच्या भाड्याच्या खोलीत चालतं. लग्नापासून दादानं हा फरक मला कधी विसरू दिलेला नाही.

एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्याच्या सामानाचा लिलाव निघाला. त्यातलं रंध्याचं मशीन यांच्या डोळ्यांत भरलं. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बसून आम्ही ठरवलं, पंचावन्न हजार, वर एक पैसा नाही. बाकीचे पैसे मोठ्या गाळ्याच्या अनामतीचे. त्यांना हात लावला तर मशीन काय डोक्यावर ठेवणार?

लिलावाला दादा समोरच बसलेला. असली दोन मशीनं त्याच्याकडे आहेत, तिसऱ्याची काडीची गरज नाही. पण यांनी पन्नास म्हटलं आणि दादाला चेव चढला.

"बावन्न!"

"पंचावन्न," हे म्हणाले.

"साठ!" दादा आमच्याकडे वळून हसला. "काय जावईबापू, संपला का दम?"

मागे कुणीतरी खिदळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांना ऊठसूट 'डोकं थंड ठेवा' म्हणून सांगणारी मीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! यांच्या बरगडीत कोपर मारून मी म्हणाले, "अहो, बोला की! पासष्ट म्हणा! नाक कापतोय तो आपलं!"

यांचे कान लालबुंद झाले होते. हात उचलला गेला. मला वाटलं, आता बोलतात. तो हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"आत्ता डोकं तापलंय," ते हळूच म्हणाले. "तुझंही, माझंही. काल तापलं नव्हतं. कालचाच आकडा खरा."

लिलाववाल्यानं तीनदा पुकारलं आणि मशीन दादाला गेलं. हे उठून त्याच्याजवळ गेले. "मशीन चांगलं आहे, दादा. पाती तेवढी बदलून घ्या." आवाजात एवढीसुद्धा खोच नव्हती. मी तर त्या एका हसण्यापायी गाळा घालवून बसले असते.

बाहेर पडताना दाराशी एक बाई शेजारणीला सांगत होती, "तो बघ, घाबरून मागे हटला तो."

"माझा नवरा आहे तो," मी म्हणाले, चांगलं दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "आणि उद्या आमच्या गाळ्याची अनामत भरतोय."