ताईचं कोपर

आमच्या खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेवर आजवर चार जाडजूड पुस्तकं निघाली, आणि चारही पुस्तकांत माझ्या ताईचं कोपर आहे. फक्त कोपर. दुसऱ्या पुस्तकात तर ते पाच नंबरच्या इंजिनाशेजारी इतकं ठळक आलंय, की स्टेशनवरच्या माझ्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ते मुद्दाम उघडून दाखवते.

ताई म्हणजे हिल्ट्रूट मेनर्ट. हिरव्या काठाची गोल थाळी उंचावून गाडी सोडण्याचं काम तिचं. तिनं थाळी दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गेरो चाक हलवत नाही. पुस्तकं लिहितात ते लाइपझिगचे टॅशनरसाहेब, आमच्या जर्मनमध्ये 'हेर' टॅशनर. डोंगरातल्या अरुंद रुळांच्या गाड्या हाच त्यांचा संसार. कुठलं इंजिन कुठल्या कारखान्यात घडलं, कुठल्या पुरात कुठला पूल वाहून गेला, सगळं तोंडपाठ. फोटोही तेच काढणार, आणि दर वेळी तेच म्हणणार, "फ्राउ मेनर्ट, जरा मागे सरकता का? फोटो नीट येईल." मग ताई गोदामाच्या भिंतीआड जायची आणि नुसता हात बाहेर काढून थाळी दाखवायची. म्हणून कोपर.

मला राग यायचा, ताईला नाही. "अगं, ही पुस्तकं नसती तर आपले रूळ कधीच भंगारात गेले असते," ती म्हणायची. ते खरंच होतं. वरच्यांनी लाइन बंद करायचं ठरवलं तेव्हा पुस्तकं वाचलेली माणसंच कुठून कुठून धावून आली आणि फावडी घेऊन आमच्याबरोबर राबली. चारही पुस्तकं ताईच्या उशाशी असतात. कुणी त्यांना नावं ठेवली तर तिला झोंबतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. एक शेवटचा रविवार करून थाळी खाली ठेवायची असं तिनं ठरवलं. त्याच रविवारी टॅशनर पाचव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढणार होते, आणि हे आपलं शेवटचं पुस्तक असं त्यांनी जाहीरच केलं होतं. आदल्या संध्याकाळी बटाट्याचं सूप ढवळताना ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोसी, एकदा अख्खी यावंसं वाटतं गं."

"मग सांग की त्यांना."

"मागून घेऊ? मागायची सवय नाही मला."

रविवारी स्टेशनसमोरच्या उतारावर कॅमेरेवाल्यांची ही गर्दी. ढग दाटलेले, मधूनच ऊन. टॅशनरांनी तिकाटण्यावर कॅमेरा चढवला, वायरीचं बटण हातात घेतलं आणि हाक दिली, "फ्राउ मेनर्ट, जरा मागे सरकता का?"

ताई इंजिनाशेजारी उभी होती. गणवेशाला कडक इस्त्री, टोपी सरळ.

"आज नाही," ती म्हणाली.

उतारावर कुजबुज सुरू झाली. "आजीबाई, ऊन जाईल," कुणीतरी ओरडलं.

"जाऊ दे. गाडी मी सोडल्याशिवाय जायची नाही."

गेरो खिडकीत हाताची घडी घालून गालात हसत होता. टॅशनरांनी बटण माझ्या हातात कोंबलं. "रोसविता, हे जरा धरा. मी समजावून येतो." ते तरातरा खाली गेले.

"इतकी वर्षं ऐकलंत माझं, आज काय झालं?" ते म्हणाले.

"इतकी वर्षं ऐकलं, तेच झालं. इंजिनाला कोळसा लागतो, पाणी लागतं आणि मी लागते. पहिल्या दोघांवर तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत."

तेवढ्यात ढग फाटला आणि इंजिनाचं पितळ लखलखलं. ताईनं मान ताठ केली, थाळी उंच धरली. गेरोनं शिटी दिली. पांढरी वाफ फुटली तसे टॅशनर दचकून बाजूला उडाले. मी बटण दाबलं. पुढचा डबा सरकेपर्यंत ऊन गेलंसुद्धा.

वसंतात पुस्तकांची खोकी माझ्या दुकानात आली. ती घेऊन टॅशनर स्वतः आले होते. मुखपृष्ठावर पाच नंबरचं इंजिन, आणि त्याच्याशेजारी माझी ताई, टोपीपासून बुटांपर्यंत. आत पहिल्याच पानावर तिचं नाव आणि हुद्दा छापलेला. माझा ऊर असा भरून आला, की मला खोकं खाली ठेवावं लागलं.

ताईनं चष्मा लावला. मुखपृष्ठ खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितलं. मग डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे करड्या कोटाचं एक कोपर आलं होतं.

"हेर टॅशनर," ती म्हणाली, "जरा मागे सरकला असतात, तर फोटो नीट आला असता."