मळखाऊ फरशी

नव्या न्हाणीघराच्या फरशीवरून नवरा-बायकोत चांगलीच जुंपली होती. राजवर्धनला पांढरीशुभ्र हवी होती. ती रोज घासायची कुणी, हे पुरुषांना कधी सुचतं का? सोनमनं बारामतीच्या दुकानात अर्धा दिवस घालवून मळखाऊ फरशी निवडली. दिसायला अस्सल दगड, अंगावर तांबूस-काळपट ठिपके, पाय न घसरणारी. डेअरीतली नोकरी सांभाळून घासत बसायला वेळ कुणाला होता?

फरशी बसली त्या दिवशी तिनं सासूला बजावलं, "आत्या, हितं मिसरी थुकायची न्हाय. डाग पडलं तर मी घासणार न्हाय."

द्वारकाबाईंनी मान डोलावली. भाजलेल्या तंबाखूची मिसरी त्या लग्नाआधीपासून दातांना लावत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऊस कारखान्याला गेला की इंदापूरला नेऊन ऑपरेशन करायचं, असं घरात ठरलं होतं. आपल्याकडं माणसाच्या डोळ्याआधी उसाचा नंबर लागतो.

थोड्याच दिवसांत द्वारकाबाई घरामागं, शेवग्याच्या आडोशाला आंघोळ करू लागल्या. "उन्हाचं बरं वाटतं," म्हणाल्या. सोनमला ते सोयीचंच वाटलं. न्हाणीघर स्वच्छ राहत होतं.

एकदा ती दुपारीच घरी आली, तर सासू न्हाणीघरात गुडघ्यांवर बसलेली. हातात नारळाची शेंडी, शेजारी अ‍ॅसिडची बाटली. बोटांची सालं निघालेली.

"आत्या, काय करताय ह्ये?"

द्वारकाबाई दचकल्या. "घासतीय गं. पयल्याच दिशी चुकून थुकले आन् समदीकडं उडालं. रोज घासते, पर निघंनात. राजवर्धनला सांगू नगंस."

सोनमला आधी हसू आलं. मग त्या बोटांकडं पुन्हा लक्ष गेलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"अवो, ते डाग न्हाईत. फरशीच तसली हाय. मीच निवडलीय."

"माझ्यासाठी खोटं नगं बोलू."

सोनमनं उरलेली कोरी फरशी आणून पुढ्यात ठेवली. द्वारकाबाईंनी ती उजेडात डोळ्यांजवळ धरली, ओल्या बोटानं चोळून पाहिली. "पैसं दिऊन डाग कुनी आनतं व्हय?" एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी सोनमनं त्यांच्या बोटांना खोबरेल लावलं. दुकानातून मिसरीची पुडी आणून हातात ठेवली.

"नगं गं. सोडली म्या."

"कवा?"

"तवाच."

ती मिसरी सुटावी म्हणून सोनम लग्न झाल्यापासून कटकट करत होती. आता सुटली, तर तिला रडू आवरेना. सून काहीतरी फटकन बोलून जाते, आणि सासू ते पदराला गाठ मारून ठेवते. विसरावं तरी माणसानं!

सकाळी तिनं न्हाणीघरात कढत पाणी काढलं आणि हाक मारली, "आत्या, आतच करा आंघोळ."

द्वारकाबाई लुगडं घेऊन आल्या, पण दारातच थबकल्या. हे घर बांधताना भिंतींना कळशीकळशीनं पाणी त्यांनीच मारलं होतं.

"सोनम," त्या बाहेरूनच म्हणाल्या, "यिऊ का गं आत?"