अठ्ठावीस होळ्या

चूक माझीच. वर्गात सरळ 'वर्ष' म्हणालो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मला समजावून सांगायची फार हौस. धडगावच्या वरच्या अंगाला आमची आश्रमशाळा आहे, आणि तिथल्या पावरा मुलांच्या घरी अजून वय विचारलं की 'बारा होळ्या पाहिल्या' असंच उत्तर येतं.

म्हणून मी फळ्यावर मोठा तारा काढला, त्याला जवळजवळ चिकटून एक ठिपका काढला आणि म्हणालो, "हा ग्रह इतका लांब आहे की त्याच्या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला चाळीस वर्षं लागतात. दगडाचाच आहे, आपल्या पृथ्वीसारखा. पण ताऱ्याच्या इतका जवळ, की तिथला दगड वितळून वाहतो. आणि ताऱ्याभोवती त्याची एक फेरी अठरा तासांत पुरी होते. म्हणजे तिथं दर अठरा तासांनी होळी!"

मुलं खूश, मीही खूश. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्यात आम्हा शिक्षकांचा हात कोणी धरू शकत नाही.

ममता बाहेर व्हरांड्यात तांदूळ निवडत बसली होती. आमच्या स्वयंपाकघरात ती रोजंदारीवर आहे. वय बावीस-तेवीस, याच शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. दसऱ्याला तिला मुलगा झाला आणि एकवीस दिवसांनी तापात गेला. घाटातून जीप धडगावला पोचायच्या आतच गेला. तेव्हापासून ती वेळेवर यायची, काम चोख करायची आणि कुणाशी बोलायची नाही.

मधल्या सुट्टीत ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, एकवीस दिवसांत तिथं किती होळ्या होतील?"

गणित दिसलं की मला माणूस दिसत नाही. खडू घेतला. पाचशे चार तास, भागिले अठरा. "अठ्ठावीस!" म्हणालो. "बरोबर अठ्ठावीस, बाकी शून्य!" बाकी शून्य आली याचा मला आनंद झाला होता. मग तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मी जीभ चावली.

तिनं सांगितलं ते असं. त्यांच्या पाड्यावर होळीच्या दुसऱ्या सकाळी घरातली सगळ्यात मोठी बाई राखेपाशी बसते, घरातल्या मेलेल्यांची एकेक करून नावं घेते आणि प्रत्येकाच्या नावानं मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडते. पण ज्यानं एकही होळी पाहिली नाही, त्याच्या नावाची धार नाही. तो घरात आलाच नव्हता असं धरतात. ममताच्या घरी नावं घेते तिची सासू, दिवलीबाई. आणि होळी चार दिवसांवर आली होती.

"तुम्ही सासूला सांगा ना सर," ममता म्हणाली. "त्यानं अठ्ठावीस पाहिल्या म्हणून. ती तुमचं ऐकेल. तुम्ही खोटं सांगत नाही."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण ती मागत होती ते खोटंच होतं. पोर त्या ग्रहावर नव्हतं, इथं होतं, आणि इथल्या एकवीस दिवसांत होळी आली नव्हती. शहाद्याकडचा जगदीश माझ्याबरोबर शिकवतो, त्याला सांगितलं तर तो वैतागला. "तू मास्तर शे, भगत नही. कसाले पडस त्यामा?" मी यात कशाला पडावं, हे बरोबर होतं त्याचं. पण तिच्या मनात ही आशा मीच घातली होती. आता पाय काढून घेणं मला जमेना.

रविवारी दुपारी मी त्यांच्या पाड्यावर गेलो. दिवलीबाईंनी खाट टाकली, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसल्या. त्या पावरीत बोलायच्या, अडलं तिथं ममता मराठीत सांगायची. मी तारा सांगितला, ग्रह सांगितला, अठरा तास सांगितले. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तिथं माणसं आहेत?"

"नाहीत."

"मग होळीचा बांबू कोण तोडून आणतो? ढोल कोण वाजवतो?"

"कोणी नाही. नुसता दगड जळतो."

"मग ती आग झाली, गुरुजी," दिवलीबाई म्हणाल्या. "होळी नाही झाली."

ममता माझ्याकडे बघत होती. एक शब्द बोललो असतो तर चाललं असतं. आमच्या शास्त्रात त्यालाच वर्ष म्हणतात, एवढं म्हणायचं होतं. मला ते जमलं नाही. "खरं आहे," मी म्हणालो. "ती होळी नाही. मी मुलांना चुकीचा शब्द सांगितला." ममतानं मान खाली घातली. त्या क्षणी मला माझ्या खरेपणाची शिसारी आली.

मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात दिवलीबाईंनी सुनेला विचारलं, "दसऱ्याला झाला ना?" आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागल्या. दसऱ्यापासून मागं, एकेक महिना. मोजता मोजता थांबल्या.

"गेल्या होळीला मी वाटी पुढं केली तर तू तोंड फिरवलंस," त्या म्हणाल्या. "मोह घेतला नाहीस. मळमळतं म्हणालीस."

"हो."

"आणि तरी ढोलापाशी सकाळपर्यंत उभी होतीस. मी ओरडले होते तुला."

"हो."

"मग तो होता." म्हातारीचा आवाज बदलला. "पाहिली नसेल. पोटातून कसं दिसणार? पण ढोल तर ऐकला असेल त्यानं. ऐकला ना हो, गुरुजी?"

दोन महिन्यांच्या गर्भाला ऐकू येत नाही. हे मी दर वर्षी शिकवतो, आकृती काढून शिकवतो. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"ऐकला," मी म्हणालो.

ममता रडायला लागली. पोर गेल्यापासून तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. दिवलीबाईंनी तिला रडू दिलं. मग हात धरून जवळ ओढलं आणि विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?"

"नवल."

"नवल," दिवलीबाईंनी म्हणून पाहिलं. मग डोळे मिटून त्यांनी घरातल्या मेलेल्यांची नावं सासऱ्यापासून एकेक करत म्हटली, आणि शेवटी पुन्हा नवल म्हणाल्या, होळीच्या दुसऱ्या सकाळी चुकायला नको म्हणून.