तारण ठेवलेली आगबोट

मित्रांनो, मी एक जुनी आगबोट आहे. रत्नागिरीच्या बंदराबाहेर नांगरून पडले आहे. भंगारवाल्याने मला विकत घेऊन दोन महिने झाले. उद्या तो मोडायला नेणार. फार दमले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

१९२२ साली एका बोट कंपनीने मला घेतले, तेव्हाच मी दहा वर्षे वापरलेली होते. पैसे कंपनीचे नव्हते. लोकांना कर्जाचे रोखे देऊन पंधरा वर्षांच्या मुदतीने घेतलेले. व्याज दर सहा महिन्यांनी, मुद्दल शेवटी एकदम, आणि तारण मी. पावसच्या चिमाबाईंनी नवऱ्यामागे उरलेले पाचशे रुपये त्यात घातले. मुदत भरली की त्यांना आंब्याच्या कलमांसाठी विहीर खणायची होती. तोवर त्या आणि लेक मालन कातळावरून डोक्यावर पाणी वाहत.

व्याज न्यायला आल्या की चिमाबाई पडावात बसून माझ्यापर्यंत येत, अंगावरून हात फिरवत. कंपनीचा कारकून भिकाजी हसे.

"काकी, म्हस हाय काय ती, हात फिरवाया?"

"म्हशीला पेंड तरी घातली असतीस, मेल्या! हिचा पत्रा बघ, पापुद्रे सुटलेत."

"व्याज मिळतंय ना वेळेवर?"

"व्याज तू देतोस. माझं मुद्दल हिच्या अंगात हाय."

भिकाजीला खरे ठाऊक होते. भाड्याची कमाई व्याजात आणि कोळशात जाई. मुद्दलासाठी कोणी काही बाजूला ठेवत नव्हते, माझ्या डागडुजीलाही नाही. मी दरवर्षी झिजत होते. कर्ज होते तेवढेच होते.

१९३७ साली मुदत भरली. कंपनी म्हणाली, जुने रोखे द्या, दहा वर्षांचे नवे घ्या. पुष्कळ जण सही करायला निघाले. चिमाबाईंनी त्यांना आणि भिकाजीला पडावातून माझ्यापाशी आणले.

"हिच्याकडं बघून सांग. ही आणि धा वर्षं तरंगल काय?"

भिकाजीने माझ्या पत्र्याचा एक पापुद्रा सोलून पाहिला. "नाय, काकी."

मग कोणी सही केली नाही. कंपनीला मला विकावे लागले. रुपयामागे नऊ आणे हाती आले. तेवढ्या पैशांत चिमाबाईंची विहीर निम्मी खणून झाली. पाणी लागलेले नाही. मायलेकी अजून हंडे वाहतात.

मित्रांनो, मोठ्या कंपनीला पैसे द्याल तेव्हा व्याज किती एवढेच विचारू नका. ज्या वस्तूच्या भरवशावर दिलेत, ती मुदतीपर्यंत टिकेल का, ते जाऊन बघा. तिची निगा राखायला लावा. पंधरा वर्षांत मला बघायला एकट्या चिमाबाई येत राहिल्या. आणखी चार जण येऊन माझी डागडुजी मागत राहिले असते, तर मुद्दल पुरे परत आले असते आणि त्या विहिरीला पाणी लागले असते.