बिनमिठाचा खिमाभात

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच कबूल करते. म्हणूनच त्या बुधवारी संध्याकाळी सासरे दारात उभे राहिले तेव्हा मी काही बोलून बसायच्या आधी बाजूला झाले. धारवाडच्या ब्राह्मण बाळाचार्यांची मेधा, म्हणजे मी, हुबळीतल्या मराठा कापडवाल्यांची सून झाले, त्याला दोन वर्षं झाली होती. "त्या दोघांच्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही," असं विठ्ठलआप्पा भर दुकानात म्हणाले होते आणि तेव्हापासून आमच्या नवनगरच्या घरी फिरकले नव्हते.

उणकलच्या प्लॉटच्या कागदावर त्यांना संजीवची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सही हवी होती.

"कधी येणार म्हणे तो?" आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारलं.

"साडेआठ होतील," मी कॅलेंडरच्या वतीनं सांगितलं.

ते खुर्चीत बसले. मी ठेवलेल्या पाण्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. साडेसातला खिशातून साखरेच्या आजाराची गोळी काढली आणि कोरडीच गिळली. एवढा हट्ट! माझं डोकं सणकलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. गोळी घेतली की आप्पांना अर्ध्या तासात जेवावं लागतं, नाही तर चक्कर येते, हे संजीवनं कितीदा सांगितलं होतं. ते माझ्या घरात पडले असते, तर बापलेकाचं उरलंसुरलं नातंही तुटलं असतं.

माझा वरणभात त्यांनी दूर सारला असता. पण संजीवनं सकाळी आणलेला खिमा फ्रिजमध्ये होता. मी कधी मांसाला हात लावला नव्हता. दर बुधवारी-रविवारी तो करायचा आणि मी दारात उभी राहून बघायची. आता तेवढ्याच भांडवलावर पातेलं चढवलं. कांदा लाल केला, आलं-लसूण, टोमॅटो, मसाला घातला. श्वास रोखून खिमा सोडला आणि उलथन्यानं मोडत परतला. पाणी सुटलं तसे धुतलेले तांदूळ, वर गरम पाणी, झाकण. पंधरा मिनिटांनी घरभर वास सुटला. खुर्ची करकरली.

ताट वाढलं ते मात्र माहेरच्यासारखं. डावीकडे वर मीठ, लिंबू, काकडीची कोशिंबीर, मधे वाफाळता भात. ते स्टुलावर ठेवून मी म्हटलं, "आप्पा, राग माझ्यावर काढा, तब्येतीवर नको. जेवा."

ते ताटाकडे वळले. मग उठून माझ्या मोरीत, माझ्या घरच्या पाण्यानं हात धुऊन आले. पहिला घास तोंडात गेला आणि हात थांबला. संपलं सगळं, असं मला वाटलं. त्यांनी ताटातलं मीठ ओढून भातात कालवलं, दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

"मीठ आण की अजून," ते म्हणाले. "घातलंच न्हाईस."

मी मिठाचा डबाच आणून ठेवला. संजीव रस्सा चाखून मग मीठ घालतो. मी चाखलंच नव्हतं, तर मीठ कुठून आठवणार?

"आमच्याकडे स्वयंपाक करताना चव बघत नाहीत, आप्पा. आधी देवाला दाखवायचं असतं."

आप्पांचा घास तसाच राहिला. "म्हंजे हे तू देवाला दाखवनार हुतीस?"

आणि ते हसले. खांदे गदगदेपर्यंत हसले. मलाही हसू आवरेना. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी तरी उचलून नेला असं वाटलं. त्यांनी आणखी दोनदा भात घेतला, ते तांब्याभर पाणी प्याले, आणि मी तिसऱ्यांदा वाढायला गेले तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "साकु, पोरी, साकु. बास झालं. पोट फुटंल आता."

संजीव आला तेव्हा ते मोरीत हात धूत होते. बापाचं रिकामं ताट बघून तो बूट न काढताच उंबऱ्यात थबकला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी हसून मान डोलावली. बाहेर येऊन आप्पांनी सही घेतली, कागद घडी करून खिशात घातला आणि चपला चढवल्या.

"आप्पा, सोडायला येतो," संजीव म्हणाला.

"काही नको." ते माझ्याकडे वळले. "रविवारी घरी ये. तुझी सासू वाट बघतीय दोन वर्षं, मीच बोलू दिलं न्हाई तिला. आणि ह्याला आणायचा असंल तर आण."